नवव्या महिन्याची नवमी

प्रिय सांगमोक,

हेसुकचा फोन आला होता. आमच्या बाजारात फोन एकच, धान्यवाल्याकडे, आणि तो माणूस दुसऱ्याचा प्रत्येक फोन स्वतःच्या घरचा असल्यासारखा कान देऊन ऐकतो, म्हणून मी फार बोलले नाही. ती म्हणाली, तू जेवत नाहीस, भिंतीकडे तोंड करून बसतोस, आणि लेक मांडीवर येऊन बसली की तिला उचलून बाजूला ठेवतोस. मी म्हटलं, बसू दे त्याला, भिंतीकडे बघून कोणी मरत नाही. तिला वाटलं असेल, काय दगडाची नणंद आहे. वाटू दे. मला गोड बोलता आलं असतं तर माझा टोफू संध्याकाळपर्यंत उरला नसता.

हे पत्र पोस्टात टाकत नाही. माझ्या शेजारच्या गाळ्यावर सुकी मासळी विकणारी बाई उद्या देगूला लेकीकडे जातेय, तिच्या पेटाऱ्यात तळाशी घालून देते, ती तुझ्या घरी आणून देईल. वास येईल, सहन कर. वाचून झालं की चुलीत घाल. आणि अक्षराला हसू नकोस, ते तुझंच आहे. माझी शाळा तिसरीत सुटली. मग तू शाळेत जायला लागलास आणि घरी येऊन मला शिकवायला बसलास. मी जात्यावर सोयाबीन वाटायची आणि तू समोर पाटी धरून, चुकलं की चमच्याने माझ्या बोटांवर मारायचास. मी तुझी नुना, थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. एक थोबाडीत दिली असती तर चुलीपर्यंत गेला असतास. दिली नाही. मास्तर तू तेव्हाच झालास, सरकारने फक्त नंतर पगार सुरू केला.

आता कामाचं बोलते. सोमवारी चौकशीवाल्यांनी तुला परत बोलावलंय आणि तो कागद पुढे ठेवणार आहेत, हे मला माहीत आहे. कागदात काय आहे तेही माहीत आहे. हेसुकने सांगितलेलं नाही, उगाच तिच्यावर ओरडू नकोस. कागदात दोन गोष्टी आहेत. एक, तू मुलांना पुस्तकात नसलेलं खोटंनाटं शिकवलंस आणि तुला त्याची लाज वाटते. दोन, त्या दिवशी वर्गात ज्या मुलांनी हात वर केले त्यांची नावं, त्यांची घरं, घरातल्या म्हाताऱ्यांची नावं. सहीच्या जागी तुझा शिक्का मारलास तर दुसरीकडे कुठेतरी, समुद्राच्या बाजूला, नोकरी चालू राहील. नाही मारलास तर नोकरी गेली, आणि पुढचं ते ठरवतील. पहिल्या वेळी तुला तिथून सोडलं तेव्हा तू आपल्या पायांनी चालत आलास. दुसऱ्या वेळी येशील की नाही, ते कोणी सांगितलेलं नाही.

चुसोकच्या सणाला तू आलास तेव्हाचं मला सारखं आठवतंय. बाहेर चंद्र चांगला आला होता, मी तांदळाचे सोंगप्योन उकडत होते, पाइनच्या पानांचा वास घरभर, आणि तू चपला काढता काढताच बोलायला लागलास. दर वेळी तेच. लोक घरी येऊन भूक लागली म्हणतात, तू येऊन इतिहास सांगतोस. लहानपणीही जात्याशेजारी बसून राजे सांगायचास. जपान्यांनी चढाई केली तेव्हा राजा राजधानी सोडून पळाला, हे ऐकून मी विचारलं होतं, मग मागे कोण राहिलं रे? तू म्हणालास, पुस्तकात नाही. मोठा झालास तरी तुझं तेच वेड, मागे कोण राहिलं. गामगोलच्या त्या शाळेत गेल्यावर तू म्हाताऱ्या बायकांना वर्गात बोलावून भातलावणीची गाणी म्हणायला लावलीस. पोरांना ढोल वाजवायला शिकवलंस. मुख्याध्यापक म्हणाले, परीक्षेत ढोल येतो का, मुन सर? तू हसत हसत सांगितलंस मला ते. मी नाही हसले. ज्या माणसाला ढोल आवडत नाही तो पुढे काय काय ऐकून ठेवील, हे मला बाजारात बसून कळतं.

तर त्या दिवशी तू म्हणालास, नुना, एक विचित्र गोष्ट झाली. चुसोकच्या आधी वर्गात श्राद्धाचा धडा घेतला. घरोघरी ताटात काय वाढतात, मासा कुठल्या बाजूला, फळं कुठल्या बाजूला, दारू कोण ओततो. मुलं खूश होती, भांडत होती, आमच्याकडे असं, तुमच्याकडे तसं. मग तू सहज विचारलंस, आजोबांची तिथी कुठल्या महिन्यात येते? एकाने सांगितलं, नवव्या महिन्याची नवमी. दुसरा म्हणाला, आमचीपण. मग तू म्हणालास, ज्यांच्या घरी नवव्या महिन्याच्या नवमीला श्राद्ध असतं त्यांनी हात वर करा. आणि गामगोल खोऱ्याकडून येणाऱ्या सगळ्या पोरांचे हात वर झाले. सगळ्यांचे. तू सांगत होतास आणि तुझे डोळे असे चमकत होते जसा काही जमिनीतून जुना रांजण सापडलाय. तुला रीत ठाऊक होती, पुस्तकातून. नवमीचं श्राद्ध कोणाचं घालतात? जो घराबाहेर मेला आणि कुठल्या दिवशी मेला ते कळलं नाही, त्याचं. एक मुलगी उभी राहून म्हणालीसुद्धा, सर, आजोबा कधी वारले ते आजीला माहीत नाही, म्हणून. तू मला विचारलंस, नुना, एका खोऱ्यातले एवढे पुरुष कुठे गेले असतील, की एकाचाही दिवस कुणाला माहीत नाही? मी म्हटलं, खा. गार होतंय.

मी तुला तिकडे बदली झाली तेव्हाच म्हटलं होतं, जाऊ नकोस. धूळ आहे म्हटलं, बस दिवसातून एकदा जाते म्हटलं, शाळेचं छप्पर गळतं म्हटलं. तू म्हणालास, तुला कसं माहीत, तू कधी गेलीस? मी म्हटलं, बाजारात सगळ्या गावांचे लोक येतात. तू हसून निघून गेलास. मग शाळेच्या उत्सवाला मला बोलावलंस, मुलांसमोर टोफू करून दाखव म्हणून. आपली संस्कृती म्हणे. मी म्हटलं, संस्कृती नाही, पाठदुखी आहे. तरी आले. का आले, तर तू बोलावलंस म्हणून, आणि ते खोरं एकदा बघायचं होतं म्हणूनही. मी दूध ढवळत होते, त्यात खारं पाणी सोडत होते, पोरं वाकून बघत होती. तेव्हा गाणी म्हणायला आलेली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, तू चिलबोकची थोरली ना? पाठीवर भावाला बांधून फिरायचीस. मी म्हटलं, नाही आजी, तुमचा घोटाळा होतोय, मी नदीकडची. ती म्हणाली, असेल, डोळे गेले आता. आणि माझा हात धरला. टोफू साच्यात घालायची वेळ झाली, पोरं ओरडायला लागली, तरी तिने हात सोडला नाही. तू लांबून बघून हसत होतास. तुला वाटलं, म्हातारीला मी आवडले.

चिलबोक कोण, ते तुला माहीत आहे. बाबांचं नाव तरी माहीत आहे. आता थांब जरा. पाणी पी. पुढचं उभ्याने वाचू नकोस.

आपण नदीकडचे नाही. आपण गामगोलचे. बाबा तिथे दुसऱ्याची जमीन कसायचे, त्यांचं मूळ गाव लांब, म्हणून सरकारी दाखल्यावर गामगोलचं नाव कुठे येत नाही. त्याच्यामुळेच तुझं निभावलं. घर शाळेच्या मागच्या चढावर होतं, आता तिथे तंबाखू वाळवायची शेड आहे, मी उत्सवाच्या दिवशी मुतायला जाते म्हणून जाऊन बघून आले. उत्तर-दक्षिणेच्या लढाईच्या आदल्या वर्षी गावचा प्रमुख घरोघर फिरला. डोंगरातल्या लाल बावट्याच्या लोकांना कोणी कधी मूठभर धान्य दिलं असेल, कोणी त्यांच्या सभेला उभं राहिलं असेल, त्याने सरकारने काढलेल्या या संघात नाव घालायचं, म्हणजे सरकार मागचं सगळं माफ करतं, असं तो सांगायचा. पण डोंगरात धान्य देणारे तेवढे निघेनात आणि त्याला वरून आकडा भरायचा होता. मग म्हणाला, नाव घाला, खत मिळेल, रबरी बूट मिळतील. बाबा लाल नव्हते, पांढरे नव्हते, ते उन्हाने काळे झालेले होते. त्यांनी नाव घातलं. शिक्का नाही म्हटल्यावर प्रमुखाने स्वतः सगळ्यांचे लाकडी शिक्के कोरून आणले. जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा शिक्का मिळाला म्हणून बाबा खूश. आईला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. बोट ठेवून म्हणाले, हा मी. बूट मिळाले, तेवढं खोटं नव्हतं. मला मोठे होत होते, तरी मीच घातले.

मग उन्हाळ्यात लढाई सुरू झाली, उत्तरेचे लाल खाली यायला लागले, आणि संघातले त्यांना मिळतील म्हणून सरकार घाबरलं. सभा आहे म्हणून पोलिसांनी संघातल्या सगळ्यांना बोलावलं. डबा घेऊन या म्हणाले, म्हणून बाबा डबा घेऊन गेले. संध्याकाळी कोणी परत आलं नाही. तालुक्याच्या गावी धान्याचं कोठार होतं, फळ्यांचं, त्यात त्यांना कोंडलंय असं कळलं. आई बाळंतपणापासून धड नव्हती, तिला तेवढं चालवेना. मी बार्लीच्या भाताचे गोळे फडक्यात बांधले आणि तुला पाठीवर घेऊन गेले, कारण तुला खाली ठेवलं की रडायचास. म्हणजे तूही होतास तिथे. कोठाराच्या पुढे बायकांची गर्दी होती, पहारेकरी सगळ्यांना हाकलत होते. मी लहान म्हणून मागच्या बाजूने गेले आणि फळीला तोंड लावून बाबांचं नाव घेतलं. आतून दुसऱ्याच कोणीतरी हाक पुढे दिली, मग तिसऱ्याने. आत फार माणसं होती. उभी होती, बसायला जागा नव्हती. वास फळीतून बाहेर येत होता. बाबांची बोटं फटीतून आली. त्यांनी भाताचा गोळा घेतला नाही, तुझा पाय धरला. मी म्हटलं, खा ना. ते म्हणाले, पोराला ऊन लागतंय, घरी ने. एवढंच. पहारेकऱ्याने मला पाहिलं आणि बंदुकीचा दस्ता दाखवला. दुसऱ्या दिवशी गेले तर ट्रक भरत होते. हात मागे बांधलेले, चारचार माणसं एका दोरीला. काही ट्रक खाणीकडे गेले, काही नदीकडे, काही त्याच्याही पुढच्या दिवशी गेले. बाबा कुठल्या ट्रकमध्ये होते, मला दिसलं नाही. कोणालाच आपलं माणूस दिसलं नाही, सगळ्यांची तोंडं खाली दाबलेली होती. म्हणून त्या खोऱ्यात नवमी. तुला उत्तर हवं होतं ना. हे घे.

पुढे दोन्ही बाजूंचे शिपाई एकदा एकदा येऊन गेले आणि मग खोऱ्यातल्या त्या घरांना पोलिस नावानिशी ओळखायला लागले. त्या घरच्या मुलाला शिपायाची नोकरी नाही, मास्तरची नाही, रेल्वेत हमालाचीसुद्धा नाही. आईने हे फार लवकर ओळखलं. तिने आपल्याला उचललं आणि नदीकाठी लांबच्या आत्याकडे आणलं, जी टोफू करायची. तिथल्या कारकुनाला दोन कोंबड्या दिल्या आणि सांगितलं, नवरा विषमज्वराने गेला. तारीख? तिने लढाईच्या आधीचा दिवस सांगितला, तिसऱ्या महिन्याचा अकरावा, म्हणजे कोणी बोटं मोजून विचारू नये. त्या दिवसापासून आपल्या घरी तीच तिथी. तू मोठा झालास, तिसऱ्या महिन्यात अकराव्या दिवशी टोपी घालून वाकायचास, दारू ओतायचास. मी मागे उभी राहून बघायची. मेलेल्या माणसाला भलत्याच दिवशी जेवायला बोलवायचं आणि तो आला नाही तरी ताट वाढायचं, असं आपण इतकी वर्षं केलं. आईला त्याचं काय वाटत होतं ते तिने कधी सांगितलं नाही. पण तुला आठवतं का, थंडी पडायच्या सुमाराला, नवव्या महिन्यात, एक दिवस ती साच्यातला पहिला तुकडा कापून चुलीच्या मागे ठेवायची. तू एकदा विचारलंस, हा कोणाचा? ती म्हणाली, मांजराचा. आपल्याकडे मांजर नव्हतं.

आता तू म्हणशील, नुना, मला का नाही सांगितलं. सांगणार नव्हतेच. आई मरताना म्हणाली, पेन्शन सुरू होईपर्यंत तोंड उघडू नकोस. मी हो म्हटलं आणि मी शब्द पाळला. मला त्याचं वाईट वाटत नाही आणि तू माझ्याकडून माफीची वाट बघत असशील तर बघत बस. तुला माहीत असतं तर तू शिकलाच नसतास. अर्जावर वडिलांच्या रकान्यात काय लिहावं म्हणून तुझा हात थांबला असता आणि समोरच्याने ते पाहिलं असतं. हात थांबला नाही म्हणून तू मास्तर झालास. मात्र हेही खरं, की माहीत असतं तर तू तो प्रश्न वर्गात विचारला नसतास. गामगोलचं एकही माणूस तो प्रश्न विचारत नाही. तिथल्या शाळेतला दुसरा मास्तर, तो खोऱ्याचा जावई, त्याने इतकी वर्षं श्राद्धाचा धडा शिकवला आणि तिथीपाशी आला की खडू ठेवून पान उलटतो. आईने तुला त्या घरांतून बाहेर काढलं ते इतकं चांगलं काढलं की तू परत आत चालत गेलास आणि दार ठोठावून विचारलंस, घरात कोण मेलंय?

चुसोक झाल्यावर तू पोरांना घरी पाठवलंस, आजीला विचारून या म्हणून. त्याचं काय झालं ते तुला त्या इमारतीत सांगितलं असेल, पण त्यांच्या बाजूने सांगितलं असेल. माझ्या बाजूचं ऐक. मागच्या आठवड्यात गामगोलची एक बाई माझ्या गाळ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, तू त्या इतिहासाच्या मास्तरची बहीण ना? मी म्हटलं, टोफू हवाय की भांडण? ती म्हणाली, तुझ्या भावाने माझ्या सासूचं तोंड उघडलं. तीस वर्षं बंद होतं. आता ती बंदच करत नाही. जेवताना सांगते, चालताना सांगते, शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन सांगते. नवरा सहकारी सोसायटीत ट्रक चालवतो, त्याला बोलावणं आलं, आईला आवर नाहीतर चावी ठेव म्हणाले. त्याने आईला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. माझ्या पोरीने तुझ्या भावाच्या वर्गात हात वर केला, हे अजून त्यांना माहीत नाही. कळलं तर आम्ही काय खायचं? मग ती बाई तिथेच, गटाराच्या कडेला, उकिडवी बसली आणि म्हणाली, पण सासूने सांगितलं तेव्हा नवऱ्याला पहिल्यांदा कळलं की त्याच्या बापाला गाणं म्हणायची सवय होती. आधी तेही माहीत नव्हतं. मी तिला टोफू बांधून दिला. तिने घेतला नाही, मग घेतला.

सांगमोक, मला राजे कळत नाहीत, तुझी सालं कळत नाहीत. तू चांगलं केलंस की वाईट, हेही मला कळत नाही, आणि जो मला कळतं म्हणेल त्याला मी गामगोलला त्या बंद खोलीपाशी नेऊन उभा करीन. पोरं मात्र तुला विसरलेली नाहीत, असं ती बाई म्हणाली. तुझ्या जागी आलेला माणूस त्यांना पुस्तकातलं पान जसंच्या तसं उतरवायला लावतो. ढोल कुलपात आहेत. पोरं उतरवतात. काही विचारत नाहीत. ती म्हणाली, आमची पोरगी इतकी शहाणी झालीय की बघवत नाही.

हे पत्र का लिहिलं ते आता. काल तुझे मुख्याध्यापक माझ्या गाळ्यावर आले, बरोबर खाकी जाकीटवाला एक माणूस. मुख्याध्यापक माझ्याकडे बघत नव्हते, टोफूकडे बघत होते. जाकीटवाला उलट्या खोक्यावर बसला, अगदी घरचा असल्यासारखा, आणि म्हणाला, काकू, भाऊ हट्टी आहे, तुमचं ऐकेल, त्याला पत्र लिहा की शिक्का मार. त्यानेच कागदात काय आहे ते वाचून दाखवलं. मग म्हणाला, नाहीतर सोमवारी आम्ही त्याला त्याच्या बापाबद्दल सांगू. बिचाऱ्याला काहीच माहीत नाही ना? असे शिकलेले लोक मारून मोडत नाहीत, बापावर मोडतात. त्याला बाबांचं कुठून कळलं, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, लिहिते. आणि लिहिलं. आता माझं ऐक. पहिली गोष्ट हवी तर लिहून दे. खोटं शिकवलं म्हण, मूर्ख आहे म्हण, पाया पडायला लावलं तर पड, त्याने कोणाच्या पोटावर पाय येत नाही. नावं देऊ नकोस. एकाही पोराचं नाही. नोकरी जाईल, दाखल्याची चौकशी होईल, खोट्या मजकुरावर नोकरी घेतली म्हणतील, ते लपवलं म्हणून मलाही नेतील, नेऊ देत. मारतील, ते मला थांबवता येणार नाही. बाबांनी शिक्का मारला तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. तुला येतं. सोमवारी तो माणूस बाबांचं नाव तुझ्यापुढे ठेवेल आणि तुझं तोंड कसं होतं ते बघत बसेल. त्याला बघायला काही मिळू नये. तोंड धू, जेवून जा, आणि तो सांगायला लागला की त्याला पूर्ण सांगू दे. मग म्हण, ठाऊक आहे मला. माझ्या बहिणीने सांगितलंय.

तुझीच,
नुना